उम्रीगरांचा राजीनामा

क्रिकेटचा राष्ट्रीय संघ जाहीर झाला की आपल्या घराघरांतून दुसरी एक निवड समिती बसते. तीत वडील असतात, शेजारचे वकील असतात, आणि ज्यांनी आयुष्यात बॅट हाती धरलेली नाही असे एखादे काकाही असतात. या समितीच्या बैठकीचा वृत्तांत कोणी छापीत नाही. तथापि तिचा निकाल मात्र ठाम असतो. अमक्यास घेतले हा अन्याय, तमक्यास वगळले हा घोर अन्याय! या रागाची थट्टा करणे सोपे आहे, आणि शहाणे लोक ती करितातही. आम्हांस मात्र तो राग थट्टेवारी नेण्याजोगा वाटत नाही. कारण ज्या माणसास खेळातले सर्व काही कळत होते, ज्याच्या हाती संघाचे नायकत्वच होते, अशा एका माणसासही हाच राग एकदा अनावर झाला होता. तो माणूस सोलापूरचा होता.

पहलन रतनजी उम्रीगर, ज्यांस सारे जग पॉली उम्रीगर म्हणून ओळखते, यांचा जन्म २८ मार्च १९२६ रोजी सोलापूर येथे एका पारशी कुटुंबात झाला. वडिलांचा धंदा कापडाचा. आणि गिरण्यांच्या त्या गावी दुसरा कशाचा असणार? पॉली शाळेत शिकत असतानाच कुटुंब मुंबईस गेले. तेथे मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत ते पारशी संघाकडून खेळू लागले, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. १९५५ च्या नोव्हेंबरात हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा काढिल्या. कसोटी सामन्यात भारतीय फलंदाजाने काढलेले ते पहिले द्विशतक होय. त्याच मालिकेतील उरलेल्या चार सामन्यांचे नायकत्व त्यांजकडे आले आणि त्यांपैकी दोन त्यांनी डावाने जिंकिले. ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण इतकेच की, पुढे जे घडले ते एखाद्या नवख्या, रुसव्या मुलाच्या हातून घडलेले नाही.

१९५८ सालच्या हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ हिंदुस्थानात आला. हॉल आणि गिलख्रिस्ट यांच्यासारखे भयंकर वेगाचे गोलंदाज आणि सोबर्स, कन्हाय, बुचर यांच्यासारखे फलंदाज ज्या संघात आहेत, त्याच्यापुढे आपला संघ टिकविणे हेच मुळी अवघड काम होते. मुंबईच्या पहिल्या सामन्यात गुलाम अहमद खेळू शकले नाहीत, म्हणून उम्रीगरांनी नेतृत्व केले व तो सामना अनिर्णित राखला. त्यानंतर गुलाम अहमद परतले. कानपूरला सुभाष गुप्ते यांनी एका डावात १०२ धावांत ९ गडी बाद केले, दोन्ही संघांचा पहिला डाव २२२ धावांवरच संपला, आणि एवढे होऊनही आपण २०३ धावांनी हरलो. कलकत्त्यास तर दैनाच उडाली. पाहुण्यांनी पाच गडी गमावून ६१४ धावा केल्या, एकट्या कन्हायने २५६ काढिल्या. आपले दोन डाव १२४ आणि १५४ धावांत आटोपले. एक डाव आणि ३३६ धावा एवढा तो पराभव! गुलाम अहमदांनी कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला आणि १९५९ च्या जानेवारीत मद्रास येथे व्हावयाच्या चौथ्या सामन्यासाठी नायकत्व पुनः उम्रीगरांकडे आले.

मद्रासला सामन्याच्या तोंडावर विजय मांजरेकर दुखापतीमुळे खेळू शकणार नाहीत असे ठरले. मांजरेकर हे संघातील अत्यंत भरवशाचे फलंदाज. त्यांची जागा कोणी घ्यावी, एवढाच प्रश्न होता. उम्रीगरांचे म्हणणे असे की, फलंदाज गेला आहे तर फलंदाजच यावा, आणि तो मनोहर हर्डीकर असावा. मंडळाच्या वरिष्ठांचा आग्रह मात्र गुजरातचे फिरकी गोलंदाज जसू पटेल यांच्यासाठी होता. वाद मिटेना. अखेरीस सामन्याच्या आदल्या रात्री उम्रीगरांनी नायकपद सोडून दिले. दुसऱ्या दिवशी विनू मांकड संघ घेऊन मैदानात उतरले आणि उम्रीगर त्यांच्या हाताखाली साधे खेळाडू म्हणून खेळले. सामना २९५ धावांनी गेला.

त्या काळचा सोलापूरचा क्रिकेटप्रेमी डोळ्यांपुढे आणून पाहावा. मुंबईचे मैदान त्याच्यापासून अडीचशे मैलांवर, मद्रास तर त्याहूनही दूर. त्याचा सारा आधार नभोवाणीवर आणि वर्तमानपत्रावर. काल जो नायक होता तो आज नायक नाही, एवढे त्यास कळे. का नाही, हे त्यास कोणी सांगत नसे. प्रेक्षकांच्या रागाचे मूळ आमच्या मते नेमके येथे आहे. अमका खेळाडू न घेतल्याचे दुःख चार दिवसांत विरते. आपणांस कारण सांगण्यास कोणी बांधलेले नाही, ही जाणीव मात्र वर्षानुवर्षे सलत राहते. आणि मद्रासच्या त्या रात्री हीच जाणीव खुद्द नायकास झाली. ज्याने उद्या अकरा जणांस घेऊन मैदानात उतरावयाचे, हार झाल्यास ज्याच्या नावाने लोकांनी बोटे मोडावयाची, त्याच्या शब्दास संघ ठरविताना किंमत नसेल तर त्याचे नायकत्व कशास म्हणावे?

आता गुणदोषांचा विचार करावयाचा तर दोन्ही बाजूंस आधार आहे, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. कलकत्त्यास ज्या संघाने एका डावात १२४ धावा केल्या, त्यास फलंदाज हवा होता. परंतु त्याच कलकत्त्यास ज्या संघाने प्रतिपक्षाचे पाचच गडी बाद करून ६१४ धावा मोजल्या, त्यास गोलंदाजही हवा होता! हर्डीकर त्या मालिकेत मुंबई व कानपूर येथे खेळले होते. मुंबईस पहिल्या डावात भोपळा व दुसऱ्यात नाबाद ३२, असा त्यांचा आरंभ. शिवाय कसोटीतील आपल्या तिसऱ्याच चेंडूवर त्यांनी कन्हायसारख्या फलंदाजास बाद केले होते. म्हणजे माणूस अगदीच कामाचा नव्हता. कसोटीचे दार मात्र त्यांस पुनः कधी उघडले नाही. मुंबईकडून ते पुढे वर्षानुवर्षे खेळत राहिले. कसोटी सामने मात्र दोनच. या वादात ज्याचे खरोखर नुकसान झाले तो माणूस हाच, आणि त्याचीच आठवण लोकांस सर्वांत कमी आहे.

पुढचा घोळ तर वादापेक्षाही विलक्षण होता. दिल्लीच्या पाचव्या सामन्यास नायक म्हणून हेमू अधिकारी यांस आणले. पुण्यात जन्मलेले हे लष्करी अधिकारी तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी ६३ आणि ४० धावा काढून, वर तीन गडी बाद करून आपले काम चोख बजाविले. चंदू बोर्डे यांनी १०९ आणि ९६ धावा केल्या आणि सामना वाचला. एवढे करून इंग्लंडच्या दौऱ्यासाठी नायक नेमले ते दत्ता गायकवाड यांस. लॉर्ड्सवर ते आजारी पडले तेव्हा पंकज रॉय यांनी नेतृत्व केले. उम्रीगर, गुलाम अहमद, मांकड, अधिकारी, गायकवाड, रॉय : सात महिन्यांच्या आत सहा नायक! घरातला गडीदेखील इतक्या वेळा बदलला तर स्वयंपाक धड होत नाही. इंग्लंडमध्ये पाचही सामने आपण गमावले. उम्रीगरांनी मँचेस्टर येथे ११८ धावा काढिल्या, एवढीच काय ती सोलापुरास सांगण्याजोगी गोष्ट.

यानंतर नियतीने जो डाव टाकला तो एखाद्या नाटककारास सुचला असता तर आपण त्यास कृत्रिम म्हटले असते. १९५९ च्या डिसेंबरात बेनॉचा ऑस्ट्रेलियन संघ कानपूरला खेळावयास आला. दिल्लीचा पहिला सामना आपण डावाने हरलो होतो. कानपूरची खेळपट्टी नव्याने तयार केलेली. तीवर उजव्या हाताने ऑफब्रेक टाकणारा गोलंदाज चालेल, असे निवड समितीचे अध्यक्ष लाला अमरनाथ यांस वाटले, आणि त्यांनी आग्रह धरून पस्तीस वर्षांच्या एका खेळाडूस संघात घेतले. तो खेळाडू म्हणजे जसू पटेल! पटेलांनी पहिल्या डावात ६९ धावांत ९ आणि दुसऱ्यात ५५ धावांत ५ गडी बाद केले. ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव १०५ धावांत कोसळला आणि आपण ११९ धावांनी जिंकलो. ऑस्ट्रेलियावर भारताने मिळविलेला तो पहिलाच कसोटी विजय. पटेलांस १९६० साली पद्मश्री मिळाली.

या विजयानंतर मद्रासच्या प्रकरणाचा निकाल आपोआप लागला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पटेल एवढे थोर गोलंदाज ठरले, तेव्हा उम्रीगरांचा हट्ट चुकला, असा त्यांचा युक्तिवाद. आम्हांस तो मुळीच पटत नाही. कानपूरच्या फळावरून मद्रासच्या निर्णयाची परीक्षा करणे म्हणजे पुढल्या वर्षीच्या पावसावरून यंदाची पेरणी बरोबर की चूक हे ठरविणे होय. माती निराळी, प्रतिपक्ष निराळा, आणि मुख्य म्हणजे प्रश्नच निराळा. कानपूरला पटेलांस घ्यावे असे ज्याने म्हटले तो निवड समितीचा अध्यक्ष होता. निवड करणे हे त्याचे कामच होते, आणि डाव फसता तर दोषही त्याच्याच माथी बसता. मद्रासला भांडण पटेल चांगले की हर्डीकर चांगले हे नव्हते. ऐन वेळी मोकळी झालेली जागा कोणी भरावी, हे होते. आणि एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कानपूरच्या त्या दुसऱ्या डावात पटेलांनी पाच गडी बाद केले, तेव्हा उरलेल्यांपैकी चार गडी अवघ्या २७ धावांत दुसऱ्या टोकाकडून ज्याने उडविले, तो गोलंदाज पॉली उम्रीगर होता.

निवडीवरून भडकणे हा आपल्या लोकांचा अलीकडचा छंद आहे, असे कोणी समजू नये. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत १९२० साली हिंदू संघाचे नायक म. दा. पै आजारी पडले, तेव्हा नायकत्व दि. ब. देवधर या तरुण खेळाडूकडे गेले आणि पाळवणकर बाळू यांस वगळण्यात आले. बाळू म्हणजे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक गडी बाद करणारे गोलंदाज. परंतु जन्म चर्मकार जातीत झालेला. त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी निषेध म्हणून संघ सोडला आणि आपली कारणे उघडपणे प्रसिद्ध केली. लोकमत त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढल्या सामन्यात बाळू उपनायक झाले, आणि काही काळ पै स्वतः मैदानाबाहेर गेल्यामुळे नेतृत्वही त्यांच्या हाती आले. १९२३ साली विठ्ठल हे हिंदू संघाचे नायक झाले. त्या रागाने जे काम केले ते दहा व्याख्यानांनी झाले नसते. आणि दैवाची गंमत पाहा : ज्या देवधरांस त्या वेळी, त्यांचा काही दोष नसता, हे पद मिळाले, त्यांनी १९२६ साली एम. सी. सी. विरुद्ध १४८ धावा काढिल्या, तरीही कसोटी सामना त्यांच्या वाट्यास कधीच आला नाही. १९३२ साली त्यांचे वय जास्त म्हणून त्यांस घेतले नाही. त्याच गृहस्थांनी त्यानंतर आठ वर्षांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. महाराष्ट्रातील जुन्या मंडळींपुढे हा विषय काढावा आणि मग पाऊण तास गप्प बसावे, हे उत्तम.

उम्रीगर मात्र रुसून घरी बसले नाहीत. मांकड, अधिकारी, गायकवाड, रामचंद, काँट्रॅक्टर या सर्वांच्या हाताखाली ते खेळले. १९६०-६१ साली पाकिस्तानविरुद्ध त्यांनी तीन शतके काढिली. १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात चेंडू डोक्यास लागून काँट्रॅक्टरांचा जीव धोक्यात आला, तेव्हा नायकत्व एकवीस वर्षांच्या पतौडींकडे गेले. संघात अनुभवाने सर्वांत वडील असे उम्रीगर तेथे असतानाही ते त्यांजकडे आले नाही. त्यांनी पोर्ट ऑफ स्पेन येथे एकाच सामन्यात ५ गडी बाद केले, ५६ धावा काढिल्या आणि फॉलोऑननंतरच्या डावात नाबाद १७२. तो सामना आपण हरलो. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ५९ कसोटी सामने, ३६३१ धावा आणि १२ शतके खाती जमा करून त्यांनी कसोटी क्रिकेट संपविले.

ज्याने निवडीच्या वादावरून पद सोडले, त्याच माणसाकडे १९७८ पासून १९८२ पर्यंत निवड समितीचे अध्यक्षपद होते. या चार वर्षांतही लोकांच्या रागास काही तोटा पडला नाही. १९७८-७९ साली सुनील गावसकर यांनी नायक म्हणून वेस्ट इंडीजविरुद्धची मालिका जिंकिली, स्वतः ७३२ धावा काढिल्या; आणि पुढच्याच इंग्लंड दौऱ्यासाठी नायक म्हणून वेंकटराघवन यांस नेमण्यात आले. मुंबईत, पुण्यात, सोलापुरात त्या वेळी घराघरांतल्या समित्या किती रात्री बसल्या असतील ते वाचकांनीच आठवावे. दौरा संपवून संघ परत येत असता नायकत्व पुनः गावसकरांकडे गेल्याची वार्ता विमानातच, ध्वनिक्षेपकावरून, सांगण्यात आली असे म्हणतात. वेंकटराघवन त्याच विमानात बसलेले होते.