एका यंत्रग्रंथाच्या आवृत्त्या

गोल्फ शिकविणाऱ्या ग्रंथांचे कूळ शोधू गेल्यास आपण स्कॉटलंडातील कूपर या गावी येऊन पोहोचतो. तेथे १८५७ मध्ये हेन्री ब्रूम फार्नी यांनी टोपणनावाने ‘द गोल्फर्स मॅन्युअल’ छापविले. आणि शंभर वर्षांनी बेन होगन यांचे ‘फाइव्ह लेसन्स’ निघाले, तरी मुरलेल्या खेळाडूने आपली हातोटी नवख्यास सांगावी, हा या वाङ्मयाचा घाट फारसा पालटला नव्हता. तो पालटला सिएटलच्या बोइंग कारखान्यातील एका तंत्रज्ञाने. आणि हे गृहस्थ खेळाडू म्हणून मुळीच नावाजलेले नव्हते.

होमर केली यांना १९३९ मध्ये पहिल्या डावात ११६ फटके लागले आणि सहाच महिन्यांनी ७७. हे घडले कशाने, याचा उलगडा कोणाही शिक्षकास करता येईना, तेव्हा त्यांनी स्वतःच त्याचा छडा लावण्याचे मनावर घेतले, आणि जवळजवळ तीन दशकांच्या खटाटोपानंतर १९६९ मध्ये ‘द गोल्फिंग मशीन’ स्वतःच प्रसिद्ध केले. फटक्याची २४ अंगे व त्यांचे १४४ प्रकार, असा त्याचा तपशील. सातव्या प्रकरणात अंगाचे विवेचन येते आणि दहाव्यात, त्याच अनुक्रमांकाखाली, त्याचे प्रकार येतात. म्हणजे ७-१९ मध्ये मागे रेंगाळणाऱ्या काठीवर ताण चढविण्याची चर्चा, तर १०-१९ मध्ये तो रेटून चढवावा की ओढून, याची वर्गवारी. बाराव्या प्रकरणात या प्रकारांतून जुळविलेले पूर्ण फटक्याचे नमुने मिळतात. वाचकाला पानोपानी मागेपुढे धाडणारी ही रचना नवख्यास जाचक होते, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु डावे मनगट सपाट असावे, काठीचे डोके मागे रेंगाळावे, आणि फटक्याच्या पातळीची रेषा सरळ राहावी, या तीन अटी ज्याने मनात पक्क्या केल्या त्यास बाकीची कलमे हळूहळू उमगतात.

केली यांच्या हयातीच्या अखेरीपर्यंत, अवघ्या चौदा वर्षांत, ग्रंथ सहाव्या आवृत्तीपर्यंत आला. या आवृत्त्या शेजारी ठेवून वाचताना भूमितीपेक्षा दिवाणी कायद्याच्या पुस्तकाची आठवण अधिक होते. कारण मजकुरात दुरुस्ती झाली तरी दाखला द्यायचा तो कलमाच्या आकड्याचा, आणि पृष्ठांकावर विसंबणाऱ्याची मात्र फसगत ठरलेली. ज्या लेखकाने आपल्या सिद्धान्ताला एवढी काटेकोर चौकट दिली, त्यानेच तिच्या आतल्या वाक्यांवर पुन्हा पुन्हा हात फिरवावा, यात मला विसंगती वाटत नाही; चौकट पक्की होती म्हणूनच त्याला दुरुस्तीचे भय नव्हते.

या ग्रंथाच्या पद्धतीचे पहिले अधिकृत शिक्षक बेन डॉइल यांचा शिष्य बॉबी क्लॅम्पेट १९८२ च्या ब्रिटिश ओपनमध्ये आघाडीवर राहून अखेरीस कोसळला, तेव्हा टीकाकारांनी खापर ग्रंथावर फोडले. एका खेळाडूच्या दोन वाईट दिवसांवरून असा निवाडा करणे मला उतावीळपणाचे वाटते. फेब्रुवारी १९८३ मध्ये, जॉर्जिया राज्यात शिक्षकांपुढे व्याख्यान देत असतानाच केली यांचे देहावसान झाले. सातवी आवृत्ती २००६ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी, त्यांनी मागे ठेवलेल्या दुरुस्त्या सामावून निघाली. लेखकाच्या पश्चात झालेली जुळवणी ती, तिच्यावर त्याची अखेरची नजर फिरलेली नाही. म्हणून एखाद्या कलमाच्या पाठाविषयी वाद पडल्यास मी सहावीचा पाठ आधी पाहीन, आणि सातवीचा त्यानंतर.