तीन पट्टे, सात जणी

डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने बास्केटबॉल काढला. वर्षभरात तो मुलींच्या हाती आला. स्मिथ कॉलेजात व्यायाम शिकवणाऱ्या सेंडा बेरेन्सन यांनी 1892 मध्ये आपल्या विद्यार्थिनींना तो शिकवला, पण जसाच्या तसा नाही. मुलींनी एवढं पळायचं, अंगाला अंग भिडवायचं, हे तेव्हाच्या पालकांना आणि डॉक्टरांना मानवणारं नव्हतं. म्हणून बाईंनी मैदानाचे तीन पट्टे पाडले. जी ज्या पट्ट्यात उभी, तिने तिथेच खेळायचं. दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावायचा नाही, आपल्या हातातला तीन सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचा नाही. 22 मार्च 1893 रोजी तिथे सामना झाला, तेव्हा पुरुषांना आत येऊ दिलं नव्हतं.

हाच खेळ इंग्लंडला गेला. मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग या स्वीडिश बाईंच्या महिला व्यायाम महाविद्यालयात मुली तो पायघोळ झग्यांत खेळू लागल्या. तिथे टोपली जाऊन कडं आलं, चेंडू आपटत पळत जाणं बंद झालं आणि 1901 मध्ये नेटबॉलचे स्वतंत्र नियम छापले गेले. तरी कुठे पाच जणी खेळत, कुठे सात, कुठे नऊ. 1960 मध्ये निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी आपल्या शेजारी श्रीलंकेत जमले आणि सगळ्या जगासाठी नियम एक झाले. भारतात नेटबॉलचा राष्ट्रीय महासंघ 1978 मध्ये स्थापन झाला.

हा इतिहास मी बी.पी.एड.ला असताना वाचला तेव्हा मला राग आला होता. मुलींना जपायचं म्हणून त्यांच्याभोवती रेषा मारायच्या, हे आम्हाला मराठवाड्यात कुणी नव्याने शिकवायची गरज नव्हती. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत आमचे जिल्हे निजामाच्या राज्यात होते. नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं 1950 मध्ये, लातूरला दयानंद 1961 मध्ये. माझ्या आईच्या पिढीला कॉलेजचं तोंड दिसलं तेच मोठं. मैदान तर फारच लांब राहिलं. मी नोकरीला लागले तेव्हाही मुलींचे सामने म्हटले की कंपाउंडच्या भिंतीवर पोरं चढून बसायची आणि निम्म्या मुली ओढणी सावरत मैदानाबाहेर उभ्या राहायच्या.

आधी नांदेडला आणि पुढे लातूरला मी क्रीडा विभाग सांभाळला. आंतरवर्गीय स्पर्धा गॅदरिंगच्या आधी, थंडीत व्हायच्या. बी.ए. प्रथम विरुद्ध बी.कॉम. द्वितीय, असे सामने. मुलींसाठी कबड्डी आणि खो-खो होतेच आणि त्यांचा मला अभिमान आहे. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये बांधले, ते आपल्या मातीतले. पण वर्गावर्गांच्या सामन्यात एक गोष्ट मला खुपायची. वर्गात एखादी शाळेपासून राज्य पातळीवर खेळलेली असते, सगळा सामना तीच खेळते. बाकीच्या संघात नावाला. बास्केटबॉलमध्ये तर चेंडू तिच्याकडून सुटतच नाही. जिला खेळायचा सराव हवा तिच्याकडे चेंडू जात नाही आणि जिच्याकडे जातो तिला वर्गाच्या स्पर्धेची गरजच नसते.

म्हणून मी नेटबॉल घेतला. खांब गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतले: जमिनीपासून 3.05 मीटरवर 38 सेंटिमीटर व्यासाचं कडं वेल्ड केलेलं, मागे फळा नाही, आणि बुडाशी जुन्या टायरमध्ये सिमेंट काँक्रीट ओतलेलं, म्हणजे दोघी-तिघींनी मिळून ढकलत नेता यावेत. मैदान 30.5 बाय 15.25 मीटर, त्याचे तीन सारखे पट्टे, दोन्ही टोकांना 4.9 मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं. छाती-पाठीवरचे बिल्ले शिंप्याने उरलेल्या कापडातून शिवून दिले, बाजूला बांधायला नाड्या लावून.

कुणी कुठे जायचं हे मुलींना फळ्यावर काढून समजेना. मग मी आट्यापाट्या सांगितल्या. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने 1935 मध्ये त्याचे नियम छापले, पण खेड्यातल्या पोरींना ते छापील नियम लागत नव्हते. पाटी धरणाऱ्याने आपली पाटी सोडायची नाही, मधली उभी पाटी सुराची. एवढं म्हटल्यावर पुढचं त्यांनीच जुळवलं. सेंटर म्हणजे सूर: तिन्ही पट्ट्यांत फिरते, फक्त दोन्ही अर्धवर्तुळांत पाऊल टाकत नाही. गोल शूटर आणि गोल कीपर आपापल्या टोकाच्या एकेका पट्ट्यात. विंग अटॅक आणि विंग डिफेन्स दोन पट्ट्यांत, अर्धवर्तुळ सोडून. गोल अटॅक आणि गोल डिफेन्स दोन पट्ट्यांत, अर्धवर्तुळासकट. गोल करायचा अधिकार फक्त शूटर आणि गोल अटॅक या दोघींना, तोही अर्धवर्तुळातूनच. चेंडू एक अख्खा पट्टा ओलांडून थेट पलीकडे टाकता येत नाही, मधल्या पट्ट्यात कुणाचा तरी हात लागलाच पाहिजे.

इथेच माझा राग निवला. ज्या रेषा मुली दमतील या भीतीने आखल्या गेल्या, त्याच रेषांमुळे एकटीने सामना खेळणं अशक्य झालं. उदगीरकडची एक खो-खोपटू होती, वाऱ्यासारखी. पहिल्या दिवशी चेंडू झेलला की तिचे पाय थांबत नसत. नेटबॉलमध्ये ज्या पायावर उतरलात तो उचलला तर पुन्हा टेकायच्या आत चेंडू सुटलाच पाहिजे. शिट्टीमागून शिट्टी. चिडून ती थांबली, मान वर केली, आणि तिला पहिल्यांदाच शूटरच्या जागेवर उभी असलेली, कधीच कुणाच्या लक्षात न येणारी आपल्याच वर्गातली मुलगी दिसली. तीन सेकंदांच्या आत चेंडू तिच्याकडे गेला. शूटरपासून बचावाच्या मुलीने 0.9 मीटर लांब राहायचं असतं. तेवढ्या मोकळ्या जागेत ती शांतपणे उभी राहिली आणि तिने चेंडू कड्यातून सोडला.

वर्गांच्या स्पर्धेसाठी मी काही नियम सैल केले. पंधरा मिनिटांच्या चार डावांऐवजी छोटे डाव, कारण संध्याकाळची एसटी चुकली तर मुलीचं खेळणं घरून कायमचं बंद व्हायचं. सलवार-कमीज चालेल, अनवाणी चालेल. मूळ नियमात दोन डावांच्या मध्ये जागा बदलायची मुभा असते, ती मी सक्तीची केली. तीन सेकंदांच्या आणि पट्ट्यांच्या नियमाला मात्र कुणालाही हात लावू दिला नाही: आपला पट्टा सोडला की ऑफसाइड. ‘मॅडम, पोरी नवीन आहेत, ऑफसाइड तरी देऊ नका,’ असं सहकारी म्हणायचे. नवीन आहेत म्हणूनच द्यायचा, असं माझं उत्तर असे. ज्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या वर्षीच्या थंडीत मैदानावर पाणी मारायचा विषयच नव्हता. धुळीत फक्की टिकेना. आम्ही खिळे ठोकून सुतळी ताणली, पण तिन्ही पट्टे आखले.

2010 च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यागराज स्टेडियमवर नेटबॉलच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला जादा वेळेत 66–64 असं हरवलं. भारताचा संघही त्या स्पर्धेत होता. टीव्हीवर तो अंतिम सामना पाहिलेल्या मुली नंतर गोल डिफेन्सच्या जागेसाठी भांडू लागल्या, तोवर ती कुणाला नको असायची.

पुढे मुलगे विचारायला आले, आम्हालाही खेळायचंय म्हणून. त्यांच्यासाठी पट्टे काढून टाकावेत अशी एकाने सूचना केली. मी नियमांचा तोच कागद त्यांच्या हाती दिला, बिल्लेही तेच. त्यांच्या पहिल्या सामन्यात पंच बी.ए. तृतीय वर्षाच्या मुली होत्या, आणि पहिल्या डावातच एवढे ऑफसाइड गेले की गुणलेखिकेने ते मोजणं सोडून दिलं.