रिझर्व्हच्या दांडीपासून मधल्या तोटीपर्यंत

मागच्या वेळी आपण कूस्तो आणि गान्याँ यांच्या १९४३च्या रेग्युलेटरपाशी थांबलो होतो. आज त्याच्या मागे, सिलिंडरच्या तोंडाशी जाऊ.

सुरुवातीच्या पाणबुड्यांपाशी दाब दाखवणारा गेज सहसा नसेच. मग हवा संपत आली हे कळणार कसं? जुन्या स्कूटरचा रिझर्व्ह कॉक आठवा, तेच इथं. ‘जे’ व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंग असे. दाब साधारण २० बारवर आला की श्वास जड व्हायचा, मग दांडी ओढायची आणि उरलेल्या हवेवर वर यायचं. ‘के’ म्हणजे साधी उघडझाप. ही अक्षरं यूएस डायव्हर्सच्या कॅटलॉगातली. खोट एवढीच, की दांडी कुठे घासून आधीच खाली आलेली असली, तर ओढायला काही उरत नसे.

जोडसिलिंडर आले तेव्हा दोन्ही नळीनं जोडलेले, पण तोंड एकच, रेग्युलेटरही एकच. तो बिघडला की पाठीवर दुप्पट हवा असून उपयोग शून्य! उघड्या समुद्रात माणूस वर तरी येईल. गुहेत डोक्यावर दगड. म्हणून बहामातल्या अँड्रोस बेटाच्या ‘ब्लू होल’ धुंडाळणाऱ्या कॅनडाच्या जॉर्ज बेंजामिन यांनी दोन तोंडांचा मॅनिफोल्ड करवून घेतला. आमच्या मते या इतिहासातलं खरं वळण हेच. एक रेग्युलेटर उधळला तर त्याचीच तोटी बंद करायची. दोन्ही सिलिंडरांतली हवा दुसऱ्यातून मिळत राहते. फ्लोरिडाच्या शेक एक्सली यांनी १९७९च्या पुस्तिकेत ठसवलेला तृतीयांशाचा नियम, म्हणजे एक भाग जायला, एक यायला, एक अडचणीला, तो अशा मॅनिफोल्डवरच भरवशाचा ठरतो. हवा नुसती असून भागत नाही, ती तोंडापर्यंत पोचायला हवी.

पण सिलिंडरच्या गळ्याची रिंगच फुटली तर? दोन्ही रिकामे. त्यासाठी पुढे मधोमध आयसोलेटर आला: तो फिरवा, निम्मी हवा वाचवा. आणि बघा, उपायानं नवा धोका आणलाच. तो चुकून बंद राहिला, तर भरताना एकच सिलिंडर भरतो, आणि गेज नेमका त्याच बाजूला असला तर सगळं ठीकच दिसतं. शिवाय गुहेच्या छताला घासून पुढे जाताना डावी तोटी हळूहळू बंद होते, उजवी मात्र उघडण्याच्या बाजूला फिरते. म्हणून मुख्य रेग्युलेटर उजवीकडे लावायची पद्धत पडली, आणि पाण्यात उतरण्याआधी तिन्ही तोट्या हातानं चाचपायची सवयही.