कास्पारोव्ह–कार्पोव्ह : सेव्हिल येथील चोविसावा डाव (१९८७)

स्पेनमधील सेव्हिल येथे झालेल्या जगज्जेतेपदाच्या बुद्धिबळ लढतीचा अखेरचा डाव. गॅरी कास्पारोव्ह आणि अनातोली कार्पोव्ह या सोव्हिएत प्रतिस्पर्ध्यांची ही १९८४ पासूनची चौथी लढत. तेविसाव्या डावात कास्पारोव्हचा हत्तीच्या बलिदानाचा हिशेब चुकला आणि कार्पोव्ह १२–११ असा पुढे गेला. लढत बरोबरीत सुटल्यास किताब विद्यमान विजेत्या कास्पारोव्हकडेच राहणार होता. म्हणून या डावात कास्पारोव्हला विजय आवश्यक होता, तर कार्पोव्हला बरोबरी पुरेशी होती.

पांढरी मोहरी घेऊन कास्पारोव्हने इंग्लिश प्रारंभ निवडला. त्याने सुरुवातीला थेट हल्ला चढवला नाही, मोहरी पटावर राखून दबाव वाढवत नेला. एवढ्या निकडीच्या प्रसंगी दाखवलेला हा संयम हेच या डावाचे खरे वैशिष्ट्य होय. वेळेच्या टंचाईत कार्पोव्हकडून चुका झाल्या व त्याने एक प्यादे गमावले. डाव तहकूब झाला. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, वजीर व उंट विरुद्ध वजीर व घोडा अशा अंत्यडावात कास्पारोव्हने ते जादा प्यादे निर्णायक ठरवले. ६४ व्या चालीनंतर कार्पोव्हने हार मानली. लढत १२–१२ अशी सुटली आणि जगज्जेतेपद कास्पारोव्हकडे राहिले.