सूत्रधाराचा कंठ आणि ‘महल’मधील कामिनी : भयरहस्यपटाची सांगली-साताऱ्याकडील पूर्वपीठिका

ओसाड वाडा, त्यात दडलेला मागल्या पिढीचा अपराध, मध्यरात्री कोठून तरी येणारे स्त्रीचे गाणे आणि त्या गाण्याच्या मागे भ्रमिष्टासारखा फिरणारा पुरुष, ही सामग्री घेऊन एखादा चित्रपट प्रदर्शित झाला की त्याचे मूळ इंग्रजी गॉथिक कादंबरीत शोधण्याची प्रथा आहे. ही प्रथा निराधार नाही. होरेस वॉल्पोल याची ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ ही कादंबरी १७६४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली आणि पडक्या किल्ल्यातील भयाला साहित्यात स्थान मिळाले. पुढे १७९४ मध्ये अ‍ॅन रॅडक्लिफ हिने ‘द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो’ लिहून त्या भयाला एक निराळे वळण दिले. तिच्या कथेत अमानुष वाटणाऱ्या घटनांचा उलगडा अखेरीस मानवी कारणांनी होतो. मराठीतही लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्यांनी अद्भुताची गोडी वाचकांना लावली होती.

परंतु चित्रपट ही केवळ कथा नव्हे. तो एक प्रयोग आहे. त्यातील भय वाचावयाचे नसून पाहावयाचे व ऐकावयाचे असते. तेव्हा त्याची पूर्वपीठिका कादंबरीइतकीच रंगभूमीवरही शोधणे प्राप्त आहे. असा शोध घेऊ लागल्यास मराठी मुलखात पहिला मुक्काम सांगली हाच येतो.

१८४२ मध्ये कर्नाटकातील भागवत मंडळी सांगलीस आली व तिने आपले खेळ करून दाखविले. संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी त्याच धर्तीचे, परंतु अधिक सुसंस्कृत खेळ मराठीत रचण्याचे काम विष्णुदास भावे यांच्यावर सोपविले. त्यानुसार ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ या आख्यानाचा प्रयोग सांगलीच्या दरबारात झाला. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तल्यावर राजाश्रय संपला आणि भाव्यांची मंडळी प्रयोग घेऊन बाहेर पडली. १८५३ मध्ये मुंबईकरांनीही तिचे खेळ पाहिले.

या खेळांची रचना येथे बारकाईने ध्यानात घ्यावयास हवी. आरंभी सूत्रधाराचे मंगलाचरण, नंतर विदूषक, गणपती व सरस्वती यांचे आगमन आणि मग आख्यान, असा क्रम असे. भाषण लिहिलेले नसे. पात्रांनी ते प्रसंगानुरूप स्वतःच रचावे अशी रीत होती. पदे मात्र सूत्रधार व त्याचे साथीदार म्हणत आणि त्या पदांतील भाव पात्राने आपल्या हालचालींनी दाखवावा अशी योजना असे. म्हणजे गाणारा कंठ एकाचा आणि दिसणारे शरीर दुसऱ्याचे. भयाचे काम राक्षसपार्टीकडे होते. पिंजारलेले केस, भडक रंगविलेले तोंड, हातात तलवार आणि कानठळ्या बसविणारी आरोळी यांसह राक्षस रंगभूमीवर उडी घेई. या आरोळीवरून पुढील काळातील सुशिक्षितांनी या नाटकांना ‘अललडुर्र’ असे कुचेष्टेचे नाव दिले. तात्पर्य, सांगलीच्या या पहिल्या रंगभूमीवर भय होते ते शरीरात, डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या आकृतीत. आकृतीवेगळा असा जो स्वर होता, तो भयाचा नसून अभयाचा होता. कथा आपल्या हाती आहे आणि ती शुभान्त होणार आहे, याची हमी सूत्रधाराचा कंठ प्रेक्षकांस देत असे.

ही व्यवस्था फार काळ टिकली नाही. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि पात्रे स्वतःच गाऊ लागली. कंठ व शरीर एक झाले, राक्षसाची गरज सरली. तथापि भय नाहीसे झाले असे नव्हे. त्याने केवळ जागा बदलली. सांगलीजवळच्या हरिपूर येथील गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘शारदा’ (१८९९) या नाटकात राक्षस नाही. तेथे आहे तो द्रव्याच्या लोभाने आपली कोवळी मुलगी वृद्ध भुजंगनाथास द्यावयास निघालेला कांचनभट. हे नाटक सामाजिक म्हणून ओळखले जाते व ते योग्यच आहे. परंतु स्वतःच्या घरातच अडकलेली मुलगी आणि रक्षकच भक्षक झालेला बाप, ही गॉथिक कथेचीच मध्यवर्ती परिस्थिती होय. आरोळी ठोकणारा राक्षस गेला आणि माजघरात हलक्या आवाजात व्यवहार ठरविणारा माणूस त्याच्या जागी आला.

यानंतरचा टप्पा बोलपटाचा. मास्टर दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांनी १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी स्थापन केली होती. बोलपटांच्या स्पर्धेत नाटकमंडळ्या मागे पडू लागल्या, तेव्हा या मंडळीने सांगलीतच चित्रपटनिर्मितीचा उद्योग आरंभिला. ‘कृष्णार्जुनयुद्ध’ हा त्यांचा चित्रपट १९३४ मध्ये निघाला. विश्राम बेडेकर यांचा चित्रपटव्यवसायातील प्रवेश याच चित्रपटाच्या द्वारे झाला. हा उद्योग आर्थिक दृष्ट्या कोसळला. दीनानाथ १९४२ मध्ये पुण्यास निवर्तले आणि सांगलीच्या घरात वाढलेल्या त्यांच्या थोरल्या कन्येवर, लता मंगेशकर यांच्यावर, वयाच्या तेराव्या वर्षीच कुटुंबाचा भार पडला.

दरम्यान चित्रपटसृष्टीत एक मोठे परिवर्तन झाले होते. १९३५ पासून पार्श्वगायनाची पद्धत हिंदी चित्रपटांत रूढ होऊ लागली. पडद्यावर दिसणारी नटी एक आणि तिच्यासाठी गाणारी दुसरी, ही घडण नवी मानली गेली. वस्तुतः किर्लोस्करांनी मोडलेली भाव्यांचीच व्यवस्था यंत्राच्या साहाय्याने परत आली होती. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असा याचा अर्थ नव्हे. परंतु प्रयोगाची जात एकच. फरक होता तो हा की, सांगलीच्या दरबारात गाणारा सूत्रधार प्रेक्षकांस दिसत असे. चित्रपटगृहात गाणारी व्यक्ती दिसेनाशी झाली.

या दिसेनाशा कंठातून भय निर्माण करता येईल, हे ज्या चित्रपटाने प्रथम पुरतेपणी सिद्ध केले तो म्हणजे १९४९ मध्ये प्रदर्शित झालेला बॉम्बे टॉकीजचा ‘महल’. कमाल अमरोही यांचे दिग्दर्शन, जोसेफ विर्शिंग यांचे छायालेखन, खेमचंद प्रकाश यांचे संगीत, अशोककुमार व मधुबाला यांच्या भूमिका आणि लता मंगेशकर यांचा स्वर असा हा योग होता. या चित्रपटात राक्षस नाही, आरोळी नाही. आहे तो दुरून जवळ येणारा एक स्वर. हे अंतर यंत्राने घडवून आणण्याची सोय त्या काळी तुटपुंजी होती. म्हणून गीताच्या आरंभीच्या ओळी गाताना लताबाईंनी खोलीच्या कोपऱ्यातून ध्वनिग्राहकाकडे हळूहळू चालत यावे, अशी योजना करण्यात आली. ही हकीगत त्यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितली आहे. पडद्यावरील भूत म्हणजे त्या खोलीत पावले मोजत चालणारी वीस वर्षांची एक कष्टाळू गायिका होती.

येथे भाव्यांची योजना नेमकी उलटी झालेली दिसते. भाव्यांच्या प्रयोगात भय शरीरात आणि आश्वासन स्वरात होते; ‘महल’मध्ये भय स्वरात आले आणि आश्वासन शरीरात गेले. चित्रपटाच्या अखेरीस न्यायालयात उलगडा होतो की कामिनीचे भूत म्हणून वावरणारी स्त्री ही माळ्याची मुलगी आशा आहे. स्वराला धनी सापडला की भय संपते. रॅडक्लिफच्या पद्धतीचा हाच उलगडा पुढील भयरहस्यपटांनी उचलला. ‘बीस साल बाद’ (१९६२) व ‘वह कौन थी’ (१९६४) या दोहोंतही भुताच्या आड माणूसच निघतो. राजा परांजपे यांचा मराठी ‘पाठलाग’ (१९६४) जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आधारलेला होता आणि त्यावरून राज खोसला यांनी १९६६ मध्ये ‘मेरा साया’ काढला. मृत पत्नी परत आली काय, हा प्रश्न तेथेही न्यायालयात उभा राहतो. भुताला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे, ही या चित्रपटांची जणू ठरीव रीत झाली.

मात्र पडद्यावरील स्वराला धनी सापडला, तरी पडद्यामागील स्वर निनावीच राहिला. ‘महल’च्या त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर आरंभी गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पात्राचेच नाव छापले होते. श्रोत्यांनी नभोवाणीकडे विचारणा केली आणि मग खरे नाव जाहीर झाले. चित्रपटातील न्यायालयाने आशाचे केले, तेच श्रोत्यांनी लताबाईंचे केले. भुतामागील माणूस शोधून काढला. पुढे गायकांच्या हक्कांसाठी त्यांनी स्वतःच आग्रह धरला. फिल्मफेअर पारितोषिकांत पार्श्वगायनासाठी स्वतंत्र पारितोषिक नव्हते. ते १९५९ मध्ये सुरू झाले आणि पहिले पारितोषिक लताबाईंनाच ‘मधुमती’ या पुनर्जन्माच्या चित्रपटातील गीताबद्दल मिळाले. त्या गीताचा स्वरही नायकाला गायिका दिसण्यापूर्वीच डोंगरातून ऐकू येतो. पुढे ‘बीस साल बाद’मधील गीतालाही हेच पारितोषिक लाभले. अदृश्य स्वराचे सर्वांत मोठे यश भयपटांत मिळाले आणि त्या यशाच्या बळावर अदृश्य राहण्यास नकार देता आला, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

सांगलीहून कृष्णेच्या काठाने वर गेल्यास सातारा जिल्ह्यात वाई व मेणवली लागतात. मेणवलीस नाना फडणविसांचा अठराव्या शतकातील वाडा नदीच्या घाटावर उभा आहे आणि अनेक चित्रपटांचे चित्रीकरण तेथे झाले आहे. जाड भिंती, त्यांतून जाणारे अरुंद जिने, बंदिस्त चौक, बळदे आणि दिवसाही अंधारी राहणारी दालने, ही वाड्याची घडण संरक्षणासाठी व धान्य-द्रव्य राखण्यासाठी होती. कर्ते पुरुष गेले, वाटण्यांचे तंटे राहिले, की तीच घडण भयाला आसरा देते. परंतु भुतामागील माणूस शोधण्याचे काम चित्रपटगृहाबाहेर ज्यांनी आयुष्यभर केले, ते डॉ. नरेंद्र दाभोलकर हेही साताऱ्याचेच. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. भानामती व चमत्कार यांच्यामागे कोणाचा हात आहे, तो कसा चालतो आणि त्याची झळ बहुधा घरातील दुबळ्या स्त्रीलाच कशी लागते, हे समितीचे कार्यकर्ते गावोगाव दाखवीत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला व डिसेंबरमध्ये विधिमंडळाने तो कायदा संमत केला. पडद्यावरील उलगडा तीन तासांत होतो व प्रेक्षक निर्धास्त मनाने घरी जातो; गावातील उलगड्याची किंमत किती असू शकते, हे या घटनेने दाखविले.

या परंपरेला अपवाद ठरलेला चित्रपट म्हणजे राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’. २०१८ मध्ये व्हेनिस महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा आरंभ या चित्रपटाने झाला व १२ ऑक्टोबर रोजी तो भारतात प्रदर्शित झाला. तेव्हा त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. परंतु १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या वेळेहून अधिक उत्पन्न त्याने मिळविले. यातील हस्तर हा कोणाचे सोंग म्हणून निघत नाही. तो लालभडक अंगाने, उघड्या डोळ्यांपुढे झेप घेतो. १८४३ चा राक्षस जणू परत आला. तरी कथेचे मर्म राक्षसात नाही. त्याच्या कमरेची सोन्याची नाणी काढावयास बाप मुलालाही त्या गर्भगृहात उतरवितो. हा कांचनभटाचाच व्यवहार होय.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. भयरहस्यपट भुतांवरील श्रद्धेवर जगतो आणि श्रद्धा ओसरली की तोही ओसरेल, ही समजूत या इतिहासाला धरून नाही. दरबारातील प्रेक्षकांना राक्षसाच्या रंगामागील माणूस ठाऊक होता; ‘महल’चा उलगडा कळल्यावरही लोक ते गाणे ऐकत राहिले. भय टिकते ते घरात दडविलेल्या अपराधामुळे आणि ज्याचे नाव सांगितले जात नाही अशा माणसामुळे. म्हणूनच भुताचे खरे नाव विचारणे हे या कलेच्या विरोधातले काम नाही. तिच्या उत्तम कृतींनी ते स्वतःच केले आहे, आणि त्यासाठी लागणारा कंठ सांगलीने व धीर साताऱ्याने पुरविला आहे.