औषधविक्री : माणसे घडविणारा एरिया मॅनेजर

औषध कंपनीत उत्तम विक्री करणाऱ्या वैद्यकीय प्रतिनिधीला पहिली बढती मिळते ती बहुधा एरिया मॅनेजरपदाची. येथे कामाचे स्वरूपच पालटते. स्वतः विक्री करण्याऐवजी हाताखालच्या प्रतिनिधींना तयार करणे, ही त्याची मुख्य जबाबदारी ठरते.

यासाठीचे प्रमुख साधन म्हणजे 'जॉइंट वर्क', अर्थात प्रतिनिधीसोबत डॉक्टरांच्या भेटी घेणे. प्रतिनिधी अडखळताच मॅनेजरने सूत्रे हाती घेतली, तर त्या दिवसाचे काम साधते. प्रतिनिधी मात्र शिकत नाही. म्हणून भेटीपूर्वी उद्देश ठरवावा, भेटीत त्यालाच बोलू द्यावे आणि बाहेर आल्यावर एखादीच त्रुटी एकांतात दाखवावी.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये औषध विपणनासाठी जारी केलेल्या आचारसंहितेने डॉक्टरांना भेटवस्तू देण्यास मनाई केली आहे. औषधाला सरसकट 'सुरक्षित' म्हणण्यासही त्यात मज्जाव आहे. प्रतिनिधीच्या वर्तनास कंपनी उत्तरदायी धरली जाते. अशा वेळी केवळ टार्गेटचा तगादा लावणारा मॅनेजर प्रतिनिधीला गैरमार्गाकडे ढकलतो. औषधाचे अचूक ज्ञान देणारा मॅनेजर त्याला उभे करतो. आपली जागा सांभाळू शकेल असा प्रतिनिधी घडविणे, हीच नेतृत्वाची खरी कसोटी होय.