दात घेऊनच जन्मलेलं पिल्लू

नाचणगावच्या शिवारात एका विहिरीच्या काठावर तुम्ही उभे आहात. पुलगाव इथून जवळच. चहूकडे पऱ्हाटी आणि तुरीची वावरं. वाकून आत बघा: वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा दगड. हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. आता खाली उतरायचं. एकेक थर म्हणजे लाव्ह्याचा एकेक लोंढा. विहिरीचा तळ मागे टाका, सगळ्यांत जुन्या लोंढ्याच्याही खाली या. इथे अजून एकही लोंढा आलेला नाही. तुम्ही सुमारे ६.७ कोटी वर्षं मागे पोचला आहात.

आग्नेयेकडे चालू लागा, म्हणजे आजच्या वरोऱ्याच्या दिशेनं. दिशा मात्र जपून धरा. भारत अजून विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे भर दुपारी सूर्य बहुधा उत्तरेला दिसेल. पायाखाली लाल चिकणमाती, मधूनमधून उथळ तळी. चंद्रपूर जिल्ह्यातली पिसदुरा, डोंगरगाव, पावना ही गावं पुढे इथेच वसणार आहेत. तळ्याकाठी लांब मानेचा, चार पायांवर चालणारा एक अगडबंब शाकाहारी डायनासोर झाडाचा शेंडा ओरबाडतोय. याच्या जातभाईची हाडं डोंगरगावला निघतील आणि त्याला इसिसॉरस म्हणतील.

त्याच्याकडे फार वेळ बघू नका. तुमच्या पावलाजवळ मातीत घरटं आहे. अंडी गोल, पंधरा सेंटिमीटरच्या आसपास, जाड कवचाची. कवचाला बारीक छिद्रं आहेत. पुरलेल्या अंड्याला श्वास तिथूनच मिळतो. पावन्याच्या अशा अंड्यांचं वर्णन भूवैज्ञानिक धनंजय मोहबे १९९६ मध्ये करतील. आई कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. ती नाही. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात अशी ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथली घरटी इतकी दाटीनं आहेत की अंडी घातल्यावर एवढ्या थोरल्या जनावरानं तिथे वावरायला जागाच उरत नाही. अंडी उबवायची ती उन्हानं आणि मातीनं.

कवचाला चीर पडते. आत काय चाललं होतं, हे कळायला आर्जेंटिनाच्या औका माहुएवो या जागेची मदत घ्यावी लागते. १९९७ मध्ये तिथे याच गोतावळ्यातली अंडी मिळाली, आणि त्यांत गर्भाची हाडं, कातडीचे ठसे आणि चक्क दात होते. तांदळाच्या दाण्याहूनही लहान असे ते दात अंड्यातच फुटलेले होते. भरवणारं कुणी नसेल, तर दात यायची वाट बघणं परवडत नाही.

पिल्लू बाहेर येतं. जेमतेम अर्धा मीटर लांब. जरा मागे सरका, गवतात काहीतरी सरपटतंय. गुजरातेत धोली डुंगरीला एका घरट्यात फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला साडेतीन मीटरचा साप दगडात मिळाला, शेजारी पिल्लाची हाडं. २०१० मध्ये त्याचं नाव ठेवलं सनाजे. अशा सापापासून सुटायचा उपाय एकच, झपाट्यानं मोठं होणं. शेजारच्या मादागास्करमधल्या रापेटोसॉरस या जातभाईच्या एका पिल्लाच्या हाडांवरून कळलं, की ते जन्मलं तेव्हा साडेतीन किलोच्या आतबाहेर होतं आणि काही आठवड्यांतच चाळीस किलोंवर गेलं.

त्यासाठी खायला हवं. बघा, तुमचं पिल्लू चरायला लागलं. दात आहेत आणि चणेही आहेत, असा योग आपल्या म्हणीत बसत नाही, पण पिसदुऱ्याला जमलाय. ते चावत नाही. ओरबाडतं आणि गिळतं. पाल्यात वाळूसारखे सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, ते दात झिजवतात. झिजला की खालून दुसरा तयार. आपल्यासारखं दुधाचे आणि कायमचे असं दोनदाच नाही, तर जन्मभर. डिप्लोडोकस या दूरच्या नातलगाच्या दातांतले रोज साठणारे थर मोजले, तेव्हा एका जागी साधारण ३५ दिवसांनी नवा दात येतो असं निघालं.

दात पडतील, हरवतील. सिलिकाचे कण मात्र पोटातूनही शाबूत बाहेर पडतात. पिसदुऱ्याच्या शिवारात अशा जनावरांच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. वंदना प्रसाद, अशोक सहानी आणि सहकाऱ्यांनी ते तपासले आणि २००५ मध्ये जाहीर केलं, की त्यांत पाम आणि इतर झाडांबरोबर गवताचेही कण आहेत, त्यांतले काही भाताच्या कुळाशी नातं सांगणारे. तोवर गवताचा ठोस पुरावा डायनासोर संपल्यानंतरचाच होता आणि त्यांच्या पायाखाली गवत दाखवणाऱ्या चित्रकाराला तज्ज्ञ हसत. आता विदर्भातलं पिल्लू काढायचं असेल, तर गवत खुशाल काढा; फक्त त्याच्या तोंडात दात काढायला विसरू नका.